गावाने उद्याचं चित्र काढलं की चालीरीती खरंच बदलतात का, आणि ते काढायचं कसं?

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातलं दोनशे उंबऱ्यांचं गाव. विचारणारा ग्रामपंचायत सदस्य आहे. दारू, लग्नाचा खर्च, तेरवीचं गावजेवण यांवर दरवर्षी भाषणं होतात, फलक लागतात, बदलत काही नाही. दोष दाखवत बसण्यापेक्षा गावाने मिळून चांगल्या भविष्याचं चित्र रंगवावं, त्याने चालीरीती बदलतात, असं त्याने एका शिबिरात ऐकलं. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर नेमकं काय करायचं?

खरं आहे. पण चित्र सुंदर असतं म्हणून चाली बदलत नाहीत. ते काढता काढता शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे पहिल्यांदा कळतं, म्हणून बदलतात. एवढं ध्यानात नसलं की दोन दिवसांचं शिबिर होतं, शाळेच्या भिंतीवर एक चकचकीत गाव रंगतं आणि पुढच्या तेरवीला पुन्हा पाचशे पानं उठतात.

तेरवीचंच पाहा. चार एकर कोरडवाहू असलेला माणूस बाप गेल्यावर तूर विकून नाहीतर उसनवारी करून गावजेवण घालतो. परवडत नाही, मनातून नकोही असतं. पण लोक काय म्हणतील? ते लोक म्हणजे पंगतीला बसलेलेच, आणि त्यातल्या पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न असतो. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला एकट्यालाच हे नकोसं झालंय. वरून भाषण करणारा त्याला उधळ्या ठरवतो. माणूस दुखावतो आणि चाल आणखी घट्ट धरतो, कारण आता प्रश्न बापाच्या मानाचा झालेला असतो. उद्याबद्दल बोलताना मात्र कोणालाच चूक ठरवावं लागत नाही. ‘दहा वर्षांनी आपल्या घरी कोणी गेलं तर काय होत असेल?’ असं विचारलं की माणूस मनातलं बोलतो आणि बाकीचे ते ऐकतात. भविष्याच्या चित्राचं खरं काम हे आहे.

वाईट घालवायचा दिवस आपल्याकडे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, गावाबाहेर टाकताना ‘घेऊन जा री मारबत’ म्हणत रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं हाकलतो. काय आणायचं हे बोलायला मात्र असा ठरलेला दिवस नाही. तरीही विदर्भाला ही कल्पना परकी नाही. तुकडोजी महाराजांनी १९५५ साली ग्रामगीतेत आदर्श गाव तपशिलाने मांडलं, पण ते पोथीतच ठेवलं नाही. रोजची सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई आणि खंजिरीवरची भजनं त्याला जोडून दिली. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. ऐकणाऱ्याला स्वच्छ गावाची कल्पना करावी लागत नसे, तो त्या गावात बसलेलाच असे. चित्र आणि त्याचा एक खराखुरा तुकडा एकाच दिवशी समोर असणं, ही दोघांच्याही पद्धतीतली उचलण्यासारखी गोष्ट आहे.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे दुसरं उदाहरण. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या मागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत होती, हे कमी सांगितलं जातं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा ते हाताळायची सवय गावाला आधीच होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनेही २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडून विकायचं थांबवलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. त्यापेक्षा टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसांना आणि पाखरांना खायला मिळावीत, असं जंगल त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं. हातचं उत्पन्न सोडायला गाव तयार झालं. पण बांबूचं उत्पन्न हाती होतं म्हणून ते झेपलं, हेही तेवढंच महत्त्वाचं. पोट भरायची सोय नसेल तर चित्र टिकत नाही.

चित्रावरच भिस्त ठेवली तर तोटाही होतो. गॅब्रिएल ओटिंजेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण बारीक झाल्याची गोड स्वप्नं जास्त रंगवणाऱ्या बायकांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. स्वप्नातच समाधान मिळून जातं आणि हातपाय हलवायची निकड ओसरते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. ‘आपल्याला हे जमेल’ असा विश्वास मात्र उपयोगी पडला. म्हणून चित्र काढलं की त्याच बैठकीत आडवं येणारं काय आहे ते बोलायचं. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

आता प्रत्यक्ष काम. वेळ चुकली की सगळं चुकतं. अमरावती, यवतमाळ, अकोला, वाशीम, बुलडाण्याकडे संक्रांत ते होळी हा काळ बरा. कापसाच्या वेचण्या संपत आलेल्या असतात आणि लग्नसराईला अवकाश असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे धानाची मळणी झाल्यापासून मार्चमध्ये मोहफूल पडेपर्यंत. तिकडे मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, आणि नाटकांच्या रात्री आधी विचारून घ्या, त्या दिवशी कोणी येणार नाही. ग्रामपंचायत निवडणुकीला सहा महिने उरले असतील तर सुरूच करू नका. चित्र कोणत्या तरी पॅनलचं होऊन जातं आणि निकालानंतर अर्धं गाव त्याला हात लावत नाही.

पहिले पंधरा दिवस सभा घ्यायची नाही. दहा-बारा घरी जाऊन बसायचं. दोन घरं मजुरांची, दोन मोठ्या शेतकऱ्यांची, एक विधवा बाईचं, एक लग्नात कर्ज झालेलं, एक भजन मंडळाच्या म्होरक्याचं, एक किराणा दुकानदाराचं. प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचं: ही चाल चालू आहे म्हणून कोणाचं काय भागतं, आणि भार कोणावर पडतो? मंडपवाला, डीजेवाला, आचारी, उसने पैसे देणारा, ज्याचं पोट या चालीवर आहे त्याचं नाव इथेच कळतं. तो नंतर विरोधात उभा राहण्याआधी त्याच्याशी बोलता येतं.

मग बैठका, आणि त्या वेगवेगळ्या. एका गटात बारा ते पंधरा माणसं, वेळ अडीच तास. शेतमजूर बाया एक गट, जमीनवाल्या घरच्या बाया दुसरा, तरुण पोरं तिसरा, म्हातारी माणसं चौथा, आठवी ते बारावीच्या मुली पाचवा. मजूर आणि मालकीण घरच्या बाया एकत्र बसवल्या तर मजूर बाई तोंड उघडत नाही, कारण उद्या निंदायला त्या मालकिणीच्याच वावरात जायचं असतं. बंजाऱ्यांचा तांडा किंवा कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे पोड, असेल तर तिथे जाऊन, त्यांच्या बोलीत. जागा शाळेच्या पडवीसारखी, सगळ्यांना पाय ठेवता येईल अशी. सरपंचाचं अंगण नको, आणि काही घरं जिथे येत नाहीत ते देऊळही नको. मजुरांची बैठक रात्री आठनंतर. दिवसा ठेवली तर त्यांची रोजी बुडते आणि गावचं भविष्य ठरवायला फक्त सवड असलेले उरतात.

सगळं काम प्रश्नावर अवलंबून आहे. ‘गाव कसं हवं?’ असं विचारलं की रस्ता, नाली, हायमास्ट, समाजमंदिर अशी मागण्यांची यादी येते. ती ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात जाईल, पण तिने चाली बदलत नाहीत. त्याऐवजी एका घरातला एक साधा दिवस विचारायचा. उदाहरणार्थ: ‘आत्ता पाच वर्षांची असलेली तुमची नात पंधराची झाली आहे. मार्गशीर्षातला बुधवार. ती उठली. घरात आधी कोण उठलंय? पाणी कोणी भरलं? ती शाळेत कशी गेली? दुपारी वावरात कोण आहे, मजुरी कोणाच्या हातात पडते? संध्याकाळी सातला घरची माणसं कुठे आहेत? शेजारी कोणाचं लग्न ठरलंय, मांडवात काय चाललंय? पलीकडच्या आळीत एक म्हातारी वारली, तिच्या घरी काय होतंय?’ आधी पाच मिनिटं डोळे मिटून शांत बसू द्या. मग एकेकाने बोलायचं, आणि ‘असं हवं’ म्हणायचं नाही, ‘असं आहे’ म्हणायचं. सुरुवातीला लाजतात. दोन-तीन माणसं बोलली की बाकीच्यांना उमज येतो.

दहा वर्षंच का? पंचवीस म्हटलं की म्हातारी माणसं ‘तवा आपण कुठं असणार’ म्हणून अंग काढून घेतात. दोन-तीन म्हटलं की डोक्यात योजना येतात. दहा वर्षांत घरातलं पोर मोठं होतं आणि ते पोर रोज डोळ्यांपुढे असतं. नापिकीच्या वर्षी मात्र दहा वर्षंही लांब होतात. बोंडअळीने कापूस गेला, पिवळ्या मोझॅकने सोयाबीन गेलं, तर चित्र फक्त पुढच्या पेरणीपर्यंतचं काढा. घरात आत्महत्या झालेली असेल त्या माणसाला भविष्य रंगवायला लावू नका. त्याला बसू द्या, ऐकू द्या. कोणी जगण्यातच अर्थ नाही असं बोललं तर बैठक बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ या मानसिक आधारासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर त्याचं बोलणं करून द्या.

बोललेलं सगळं एका मोठ्या तपकिरी कागदावर चित्रांनी आणि मोजक्या शब्दांनी उतरवायचं. गटाला एक कागद पुरतो. स्केचपेन मुलींच्या हाती द्या, त्यांचं कोणी हिसकावून घेत नाही ना ते बघा. म्हाताऱ्या बायांना कागदाचा धाक वाटला तर जमिनीवर रांगोळी, गेरू आणि तुरीच्या काड्या वापरा आणि नंतर त्याचा फोटो घ्या.

यानंतरची पायरी पुष्कळ ठिकाणी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. चित्रांमधून एकच चाल निवडा, समजा तेरवी. सगळे गट एकत्र बोलवा. दोन मडकी घ्या, तोंडाला फडकं बांधा, हात जाईल एवढं भोक ठेवा. प्रत्येकाला दोन चिंचोके आणि दोन खडे द्या. चिंचोका म्हणजे हो, खडा म्हणजे नाही. पहिल्या मडक्यात टाकायचं: ‘माझ्या घरची तेरवी फक्त सोयऱ्यांपुरती झाली तर मला चालेल का?’ दुसऱ्यात: ‘गावातल्या बहुतेकांना ते चालेल असं मला वाटतं का?’ मूठ बंद ठेवून टाकायचं, उरलेलं एका पोत्यात तसंच गुपचूप टाकायचं. मग सगळ्यांसमोर मोजायचं. समजा पहिल्या मडक्यात चाळीसपैकी तीस चिंचोके निघाले आणि दुसऱ्यात दहा, तर त्या दोन आकड्यांतलं अंतर हीच त्या चालीची खरी मुळी. ते सगळ्यांना एकदम दिसतं. त्यावर भाषण करू नका. दहा मिनिटं लोकांना आपसात बोलू द्या.

अंतर निघालं नाही आणि पहिल्या मडक्यात खडेच जास्त असले, तर गावाला ती चाल मनापासून हवी आहे. मग तिला सोडा, दुसरी घ्या. अशा चालीच्या मागे लागलात तर गावाचा तुमच्यावरचा विश्वास जातो आणि तो परत यायला वर्षं लागतात.

अंतर निघालं की पुढचा प्रश्न: ही चाल जे काम करत होती ते आता कोण करेल? गावजेवणातून सोयऱ्यांचा मान राहतो, आजवर दुसऱ्यांकडे जेवल्याची फेड होते, आणि घरच्यांना एकटं पडल्यासारखं वाटत नाही. ‘जेवण बंद’ एवढंच ठरवलं तर ही तिन्ही कामं उघडी पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तेरवीला सगळं मागच्या वाटेला लागतं. म्हणून भरपाई ठरवा. सोयऱ्यांसाठी साधा स्वयंपाक आणि रात्री भजन. दुःखातल्या घरी तेरा दिवस आळीपाळीने शेजाऱ्यांनी डबा द्यायचा, यादी आधीच लिहिलेली. फेडीसाठी एक तारीख धरायची: त्या दिवसाआधी जेवलेल्यांचं देणं माफ, असं गावाने मिळून म्हणायचं. ही तारीख ठरवली नाही तर ‘आम्ही तुमच्याकडे जेवलो, आता आमचं काय’ या एका वाक्यावर अख्खा ठराव अडतो.

दारूचं तसंच. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी हवी की नको हा वाद इथे बाजूला ठेवू, बायांनी त्यासाठी मोठे लढे दिलेत आणि त्यांचं दुखणं खरं आहे. पण ‘दारू नसलेलं गाव’ या चित्रात बघायला काहीच नाही. संध्याकाळी सात ते नऊ पुरुषमाणूस कुठे बसतो, कोणाशी बोलतो, दिवसभराचा शीण कुठे उतरवतो, हे चित्रात दिसलं पाहिजे. मैदानावर दिवा आणि व्हॉलीबॉलचं जाळं, भजनाची खोली, शेतीच्या भावांवर बोलायला पारावर ठरलेली जागा, जे त्या गटाने स्वतः रंगवलं असेल ते. या दोन तासांना जागा नसली तर दारू शेजारच्या गावातून येते.

मग अडथळे. प्रत्येक चित्रासाठी तीन वाक्यं लिहून घ्या, ‘जर… तर…’ अशी. ‘जर मोठे काका अडून बसले, तर भजन मंडळाचे दोघं त्यांच्याकडे आदल्या दिवशी जातील.’ ‘जर मुलीकडच्यांनी डीजे मागितला, तर नवरदेवाचा बाप गावचा कागद दाखवेल.’ माणसांची नावं आणि दिवस लिहिलेले असले पाहिजेत.

सुरुवात तीन ते पाच घरांनी एकत्र करावी. एकटं घर कंजूष ठरतं. त्यातलं एक घर खात्यापित्या, मानाच्या माणसाचं हवंच. गरिबाने साधं केलं की ऐपत नव्हती म्हणतात, ऐपतवाल्याने केलं की रीत बनते. पहिलं काम चित्र काढल्यापासून महिनाभरात दिसलं पाहिजे. पुढे किती घरं लागतात? डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नवी रीत धरून बसलेला गट सुमारे २५ टक्क्यांवर पोचला की बाकीचे वळले. तो संगणकावर जमलेल्या छोट्या गटांचा, नावं ठरवण्याचा खेळ होता. आपल्या जातीपाती, सोयरीक, देणीघेणी त्यात नव्हती. तरी दोनशे घरांच्या गावात पन्नास घरं हा आकडा डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही. सगळं गाव एकदम वळवायचं ओझं उतरतं.

ग्रामसभेचा ठराव यानंतर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. ठरावाचा उपयोग ढालीसारखा होतो: बाईच्या बांगड्या फोडायला निघालेल्या नातलगाला ‘गावाचा ठराव आहे’ म्हणता येतं. पण आधी मनं जुळलेली नसली तर ती ढाल धरायला कोणी नसतं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ती. तेवढी माणसं खरोखर बसवा, तहकूब सभेत मोजक्या लोकांकडून मंजूर करून घेऊ नका. आधीच्या महिला ग्रामसभेत विषय पक्का करून घ्या. ठरावात दंड किंवा वाळीत टाकणं अजिबात घालू नका. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि धाकाने पाळलेली रीत धाक गेला की जाते.

सगळ्यात नाजूक जागा मजुरीची आहे. शेतकऱ्यांच्या चित्रात वेचणीला बाया वेळेवर मिळतात, मजुरांच्या चित्रात वेचणीचा किलोमागचा भाव परवडणारा असतो आणि त्यांची पोरगी वेचणीला जातच नाही, ती कॉलेजात असते. ही दोन चित्रं एकाच कागदावर गुळगुळीत करून मांडली तर मजुरांना कळतं की आपलं पुसलं. दोन्ही शेजारी शेजारी लावा आणि दोघांना जमेल अशी एक गोष्ट शोधा, जसं की वेचणी सुरू व्हायच्या आधीच भाव आणि पैसे द्यायचा वार ठरवणं. तेवढंही ठरलं नाही तर न ठरल्याचं तसंच लिहून ठेवा.

बक्षिसाच्या स्पर्धेपासून हे काम वेगळं ठेवा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं आणि त्याने पुष्कळ गावांत स्वच्छतेची ओढ लावली. पण जिथे झाडू समिती यायच्या आठवड्यापुरताच निघाला, तिथे तो समिती गेल्यावर कोपऱ्यात गेला. परीक्षक बाहेरचा असला की गाव त्याच्यासाठी सजतं.

चित्र जिवंत ठेवायला भिंत पुरत नाही. ते बोलण्यात आलं पाहिजे आणि त्यासाठी आपल्याकडे सोयी तयार आहेत. पोळ्याला म्हणायच्या झडत्यांत या वर्षी काय बदललं ते पोरांना बांधू द्या. शाळेतल्या मुलींनी भुलाबाईच्या गाण्यांच्या चालीवर स्वतःच्या दहा वर्षांनंतरच्या घराची गाणी रचावीत, आजीच त्यांना ताल शिकवतील. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे, नाटक मंडळाशी बोला. रात्रभर बसून बघणारा प्रेक्षक जगात फार ठिकाणी नाही, तिथे साध्या मांडवातलं एक सुंदर लग्न रंगमंचावर लागलं तर पाच भाषणांपेक्षा जास्त काम होतं.

वर्षाने, त्याच महिन्यात, तीच दोन मडकी पुन्हा मांडा. पहिल्या मडक्यातले चिंचोके वाढले नसले तरी चालेल. दुसऱ्यातले वाढले का ते बघा, म्हणजे ‘बाकीच्यांनाही चालतं’ असं आता जास्त लोकांना वाटतं का. वाढले असतील तर पुढची चाल घ्या, एका वेळी एकच. वाढले नसतील तर ज्या पाच घरांनी सुरुवात केली त्यांना विचारा की लोक तोंडावर काय म्हणाले आणि मागे काय म्हणाले. बहुतेक वेळा डब्याची यादी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुटलेली असते. ठरावाला हात लावण्याआधी ती यादी दुरुस्त करा.